उत्सवाचे वय आणि उत्सवाचे ऋण



श्रीक्षेत्र महड येथे श्री वरदविनायकाचे दर्शन घेऊन भाविक तळ्याच्या काठी क्षणभर विसावतात, तेव्हा बहुधा एक प्रश्न निघतोच : ‘हे देवस्थान किती जुने असेल?’ प्रश्न साधा आहे आणि त्यामागील जिज्ञासा आदरयोग्य आहे. परंतु त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो. जे जुने ते अधिक पवित्र, आणि ज्याचा आरंभ ठाऊक आहे ते काहीसे उणे, असे आपण नकळत धरून चालतो. हे धरून चालणे कितपत योग्य आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

तत्पूर्वी गावाच्या नावाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण परगावच्या भाविकांचा येथे नेहमी घोटाळा होतो. खालापूर तालुक्यातील हे महड. आणि याच रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात सावित्री नदीच्या काठी आहे ते महाड. फरक एका कान्याचा, पण अंतर पुष्कळ. कर्जतचेही तसेच. रेल्वेने येणारा भाविक उतरतो ते कर्जत रायगड जिल्ह्यातील. अष्टविनायकांपैकी सिद्धटेकचा श्री सिद्धिविनायक ज्या कर्जत तालुक्यात आहे, ते अहिल्यानगर जिल्ह्यातील. यात्रेचा मार्ग आखताना हे ध्यानी ठेवावे. महड आणि महाड या दोन नावांकडे आपणांस पुढे पुन्हा यावयाचे आहे.

महडच्या देवस्थानाची माहिती सांगताना तीन साले सांगितली जातात. इ. स. १६९० मध्ये धोंडू पौडकर नामक भक्तास दृष्टान्त होऊन तळ्यात श्रींची मूर्ती सापडली. इ. स. १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी मंदिर बांधले. आणि गाभाऱ्यातील नंदादीप इ. स. १८९२ पासून अखंड तेवत आहे. ही साले ऐकून काही भाविकांचा चेहरा किंचित उतरतो. नंदादीप युगानुयुगे तेवत असेल अशी त्यांची समजूत असते. १८९२ हे साल त्यांना फार जवळचे वाटते. १८९२ साली खाली कर्जतवरून बोरघाट चढणारी आगगाडी जवळजवळ तीस वर्षांची जुनी झाली होती. ज्या दिव्याचा आरंभ आगगाडीनंतरचा, तो दिवा पुरातन कसा म्हणावा?

या निराशेतील चूक दाखविण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. कर्जत तालुक्याच्या सीमेलगत, मुरबाडच्या डोंगरात सिद्धगड आहे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हे १९४२ च्या लढ्यात भूमिगत राहून विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्यात होते. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात दोघांना वीरमरण आले. दरवर्षी २ जानेवारीस पहाटेच्या थंडीत लोक तेथे जमून त्यांना अभिवादन करतात. या दिवसाचा आरंभ तारीखवार ठाऊक आहे. त्याला पुराणाचा आधार नाही, पंचांगात स्थान नाही. तथापि अंधारात डोंगर चढून जाणाऱ्या मनुष्याच्या मनात, हा दिवस शंभर वर्षांचाही नाही म्हणून, भक्तिभाव कमी असतो असे कोण म्हणेल? उलट नेमके काय घडले, कोणासाठी घडले हे ठाऊक असल्यामुळेच तो तेथे जातो.

आता ज्या उत्सवाने महाराष्ट्राची ओळख जगभर झाली, त्याकडे वळू. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरी पार्थिव गणेशाचे पूजन करण्याचे व्रत जुने आहे. पेशवाईत शनिवारवाड्यात गणेशोत्सव मोठ्या थाटाने होत असे. १८१८ साली राज्य गेले आणि तो राजाश्रय संपला. उत्सव घराघरांत राहिला. चौकात मंडप घालून, वर्गणी काढून, मिरवणुकीने विसर्जन करावयाचा सार्वजनिक गणेशोत्सव मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा आहे. पुण्याचे कृष्णाजीपंत खासगीवाले यांनी ग्वाल्हेरला शिंदे सरकारांचा उत्सव पाहिला होता. त्यांनी, भाऊसाहेब रंगारी यांनी आणि घोटवडेकर यांनी पुण्यात सार्वजनिक गणपती बसविले. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘केसरी’तून या उपक्रमाचे स्वागत केले आणि १८९४ पासून त्याला व्यापक रूप दिले. मुंबईत गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीतील उत्सवाचा आरंभही १८९३ चाच. २०१७ साली पुण्यात शतकोत्तर रौप्यमहोत्सव साजरा होत असताना, पहिला मान १८९२ चा की १८९३ चा, रंगारींचा की टिळकांचा, यावरून मोठा वाद झाला. एका वर्षाच्या फरकासाठी सुजाण माणसे इतकी हमरीतुमरीवर यावीत, यावरून वयाचे आकर्षण किती प्रबळ असते ते दिसते.

त्या आरंभाची दुसरी एक बाजू आहे आणि ती उत्सवाच्या स्मरणिकांत क्वचितच छापली जाते. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्यापूर्वी पुण्यातील अनेक हिंदू मोहरमच्या ताबुतांत उत्साहाने भाग घेत, नवस बोलत. दंग्यानंतरच्या दोन वर्षांत ते त्यांतून बाहेर पडले आणि नव्या गणेशोत्सवाच्या मेळ्यांत आले. लोकजागृती, स्वाभिमान, परक्या सत्तेपुढे एकत्र उभे राहणे या उदात्त हेतूंच्या शेजारीच, शेजाऱ्यापासून दूर होण्याचा हा धागाही त्या आरंभात होता. दोन्ही खरे आहे. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवास राज्य महोत्सव म्हणून घोषित केले. तेव्हा हा वारसा आता साऱ्या राज्याचा झाला आहे. वारसा स्वीकारणाऱ्याने वडिलोपार्जित घराबरोबर घरावरचे कर्जही पाहावे लागते. आरंभाविषयीचे असे ज्ञान कोणाचीही श्रद्धा हिरावून घेत नाही. त्या दोन धाग्यांपैकी कोणता पुढे विणायचा, एवढा प्रश्न मात्र ते आपल्यापुढे ठेवते.

हा प्रश्न लवकरच उभा राहिला. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात, वर्गणी सर्वांकडून घेतली जाते तर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना पूजेचा अधिकार का नाही, असे प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर सीताराम केशव बोले प्रभृतींनी जाहीरपणे विचारले. ‘पूर्वापार चालत आले आहे’ हे उत्तर तेथे देता येण्यासारखे नव्हते, कारण उत्सवच उणापुरा तेहतीस वर्षांचा होता! तरीही तंटा माजला. पुढे प्रबोधनकारांनी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सवाचा पाया घातला, आणि एका तंट्यातून दुसऱ्या उत्सवाचा जन्म झाला.

याच बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावेत असे ठरविले होते. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. परंतु कागदावरचे पाणी ओंजळीत येईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक त्या तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर ‘बाटलेल्या’ तळ्याची पंचगव्याने शुद्धी करण्यात आली, आणि प्रकरण न्यायालयात गेले. दहा वर्षे चाललेल्या या दाव्यात स्पृश्य वादींचे म्हणणे असे होते की, अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी घ्यावयाचे नाही ही रूढी अनादि काळापासून चालत आलेली आहे. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला : रूढी अनादि असल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने हा निवाडा फार महत्त्वाचा आहे. ‘किती जुने?’ हा आपण देवळाच्या ओट्यावर बसून सहज विचारतो तोच प्रश्न तेथे मनुष्याच्या तहानेविरुद्ध उभा करण्यात आला होता. तो पुराव्यावर टिकला नाही, ही समाधानाची गोष्ट. तथापि क्षणभर विचार करावा. वादींनी पुरावा आणला असता तर? ती रूढी खरोखरच हजार वर्षांची आहे असे ताम्रपटानिशी सिद्ध झाले असते तर? कायद्याच्या कसोटीवर कदाचित निकाल फिरला असता. धर्माच्या कसोटीवर तो फिरला असता काय? ज्या क्षणी आपण ‘नाही’ असे उत्तर देतो, त्या क्षणी वय हे पावित्र्याचे प्रमाण नव्हे हे आपण मान्य केलेले असते. मग ते चवदार तळ्यापुरतेच मान्य करून भागत नाही. आपल्या आवडत्या उत्सवालाही तेच माप लावावे लागते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. वयाला किंमत नाही म्हटले, तर ज्याला जसे रुचेल तसे तो बदलील. परंपरेचा धागाच राहणार नाही. अनेक पिढ्यांनी एखादी गोष्ट जपली, दुष्काळात, परचक्रात, रोगराईतही सोडली नाही, यात त्यांचे काही शहाणपण नसेल काय? असेल, अवश्य असेल. म्हणून जुन्याला आदराने विचारावे : तू कशासाठी आलास? आदर असणे निराळे आणि वयापुढे बुद्धी गहाण टाकणे निराळे. बदलावयाचेच असेल तर अमुक साली बदलले असे सांगून बदलावे. पंधरा वर्षांपूर्वी सुरू झालेल्या पूजेस किंवा पालखीस ‘पूर्वापार’ म्हणून छापणे आणि त्या भरवशावर भाविकांकडून देणगी घेणे, हे कोणत्याही देवस्थानास शोभणारे नाही. देणगीदार श्रद्धेने देतो. त्याच्या श्रद्धेला खरे साल कळण्याचा अधिकार आहे.

आता महडकडे परत येऊ. इतिहासाच्या सालांपलीकडे या क्षेत्राची एक पुराणकथा आहे आणि मूळ विचारावयाचे झाल्यास तिलाही विचारले पाहिजे. कौंडिण्यपूरचा राजा भीम निपुत्रिक होता. विश्वामित्र ऋषींनी दिलेल्या मंत्राच्या अनुष्ठानाने त्याला रुक्मांगद नावाचा पुत्र झाला. मृगयेस गेलेला रुक्मांगद वाचक्नवी ऋषींच्या आश्रमात आला असता ऋषिपत्नी मुकुंदा त्याच्यावर मोहित झाली. त्याने तिला नाकारले. ही संधी साधून इंद्र रुक्मांगदाच्या रूपाने तिच्याकडे आला, आणि तिला गृत्समद हा पुत्र झाला. पुढे हा विद्वान गृत्समद ऋषींच्या सभेत बसला असता त्याला भर सभेत हिणविण्यात आले : तू ऋषिपुत्र नाहीस, आमच्या पंक्तीस बसण्याचा तुला अधिकार नाही. सत्य कळताच संतापाने त्याने मातेला शाप दिला, काटेरी बोर हो म्हणून. (या शापाचे समर्थन प्रस्तुत लेखकास कधीच करता आलेले नाही, फसविली गेलेली ती, आणि काटेही तिच्याच वाट्याला!) नंतर गृत्समद रानात येऊन घोर तप करू लागला. विनायक प्रसन्न झाला. गृत्समदाने ब्रह्मज्ञान मागितले आणि देवाने तेथेच राहून भक्तांचे मनोरथ पुरवावेत, असा वर मागितला. ते वन म्हणजे हे महड, आणि वर देणारा तो वरदविनायक. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलाचा द्रष्टा म्हणून जो गृत्समद मानला जातो, तो हाच असे परंपरा सांगते. गणपतिपूजनाच्या आरंभी सर्वत्र म्हटली जाणारी ऋचा त्याच मंडलातील आहे.

कथा आपण अनेकदा ऐकलेली असते, म्हणूनच तिच्यातील मुद्दा निसटतो. या क्षेत्राच्या मुळाशी राजा नाही, विजय नाही. जन्मावरून पंक्तीबाहेर काढलेला एक तरुण आहे. ज्यांनी त्याला उठविले, त्यांच्यापाशी कुल होते, वय होते, परंपरा होती. देव मात्र उठविलेल्याच्या बाजूला येऊन बसला. त्याने गृत्समदाला जन्माचा दाखला विचारला नाही. भाविकांना गाभाऱ्यात जाऊन स्वहस्ते पूजा करता येते अशी महडची ख्याती आहे. तिचे कारण व्यवस्थेत शोधावे की कथेत, हे कोणी काहीही म्हणो. या कथेला ती साजेशीच आहे. खालापूर-कर्जतच्या डोंगरपट्ट्यात कातकरी आणि ठाकूर बांधवांच्या वाड्या आहेत. वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामावर कातकऱ्यांच्या कित्येक पिढ्या झिजल्या. माघी उत्सवाच्या गर्दीत त्यांच्यातील कोणी रांगेत आपल्या पुढे असेल, तर आपण किंचित सरकून उभे राहतो की कसे, हे ज्याचे त्याने पाहावे. आरंभाचे ऋण म्हणतात ते बहुधा अशा ठिकाणी फेडले जाते, नाही तर थकत जाते.

ऋणाची आणखी एक बाब आहे आणि ती थोडी नाजूक आहे. माघी उत्सवात येथे प्रसाद म्हणून मिळालेला नारळ भक्षण केल्यास पुत्रप्राप्ती होते, अशी श्रद्धा आहे. दुरून दुरून दांपत्ये या नारळासाठी येतात. त्यांच्या डोळ्यांतील आर्तता ज्याने पाहिली आहे, तो या श्रद्धेची थट्टा करणार नाही. निपुत्रिक भीम राजाची कथा या श्रद्धेच्या मागे उभी आहे हे उघड आहे. परंतु भीम राजाची खरी वेदना कोणती होती? रिकामे घर. त्या काळच्या राजाला वारस म्हणून पुत्र हवा होता, म्हणून कथेत पुत्र आला. गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वप्रथम केला आणि १९९४ साली तो सर्व देशासाठी झाला. कायदा करावा लागला, यातच आपल्या समाजाची कबुली आहे. म्हणून येथे स्पष्ट लिहावेसे वाटते. नारळाच्या ओटीत कन्या आली, तर प्रसाद फळला नाही असे मानून पुढच्या माघात पुन्हा नारळासाठी येणारा मनुष्य देवाच्या दारी एक तक्रार घेऊन येतो, आणि ती तक्रार घरी निजलेल्या एका लेकराविरुद्ध असते. कन्या झालेल्या दांपत्यांनी नवस फेडण्यासाठी तिला घेऊन यावे. देणगीच्या पावतीवर तिचे नाव घालावे. यासाठी कोणत्याही जुन्या ग्रंथाची संमती लागत नाही.

इतिहास आणि पुराण यांच्याही तळाशी एक तिसरे मूळ असते. ते भूमीचे आणि ऋतूचे. भाद्रपदातील चतुर्थी येते तेव्हा या खोऱ्यातील आवणी कधीच उरकलेली असते, भात निसवू लागलेले असते, आणि शेतकऱ्याच्या हाताला थोडी उसंत असते. मातीचा गणपती आणि त्याच्या पाठोपाठ गौर म्हणून घरी येणारा रानातला तेरडा, दोन्ही त्या ओल्या दिवसांची देणी आहेत. आश्विन वद्य द्वादशीला सखल भागात गाय-वासराची वसुबारस होते. त्याच तिथीस सह्याद्रीतील ठाकूर व महादेव कोळी वाघबारस पाळून वाघदेवाला नमस्कार करतात आणि गुरांना सांभाळ म्हणून विनवितात. तिथी एकच आहे. गोठ्यात राहणाऱ्याने गाय पुजली, रानात गुरे राखणाऱ्याने वाघ पुजला. यांतील कोणते आधीचे, हे सांगण्यास कोणी साक्षीदार उरलेला नाही.

माघात मात्र चित्र पालटते. भाताच्या कापणीनंतर त्याच खाचरांत उरलेल्या ओलीवर पेरलेला वाल शेंगांनी भरलेला असतो. दर्शन आटोपून सायंकाळी गाडीरस्त्याने परतणाऱ्या भाविकांस शेताच्या कडेला जाळ दिसतो, भोवती पाच-दहा माणसे दिसतात. ही पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालावयाचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी भरावयाची, पुन्हा पाल्याने तोंड बंद करावयाचे, आणि मडके उपडे ठेवून भोवती पेंढा-गवत पेटवावयाचे. अर्ध्या तासात वास सुटतो. पोपटीला तिथी नाही, देवता नाही, कथा नाही. तिचा आरंभ कोणी केला हे कोणी विचारीतही नाही. शेंगा तयार झाल्या की निरोप जातात, शहरात गेलेली मुले शनिवारी घरी येतात, आणि वाटेने जाणारा अनोळखी माणूस थांबला तर त्यालाही पानावर मूठभर शेंगा मिळतात.